सोड, सोडलं, धरलं

३ फेब्रुवारी, सोमवार

आज परत आवाज आला.

उतरत होते. धावपट्टी नाकासमोर, वेग बरोबर, वारा नावाला. जमीन जवळ आली आणि हेडफोनमध्ये आधी काहीतरी तुटकं, घशातल्या घशात – आणि मग स्वच्छ: सोड.

अण्णाचाच. उजवी सीट रिकामी, तिचा पट्टा मी स्वतः आवळून ठेवलेला. विमानात मी एकटी. सोडलं नाही मी. दात आवळून खाली आणलं आणि असं आपटलं की ड्यूटीवरचे इन्स्ट्रक्टर म्हणाले, "काय अहल्या, चाकं इथेच ठेवून जायचीत का?" हसले मी. काय सांगणार त्यांना? माझा गेलेला भाऊ मला उतरताना विमान सोडायला सांगतो म्हणून?

इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे बाहेर काही दिसत नसताना नुसत्या काट्यांवर उडवायची परवानगी, एप्रिलात संपतंय. ते रिन्यू नाही केलं तर पुढचं सगळंच अडतं, म्हणून हे तास. नाहीतर त्या धावपट्टीवर मी पाऊलसुद्धा ठेवलं नसतं. अण्णा तिथेच पडला. शिकाऊ विमान, शेजारी एक विद्यार्थी. विद्यार्थी वाचला.

मार्चमध्ये दोन वर्षं होतील.

५ फेब्रुवारी, बुधवार

येलहंक्याच्या हवाई तळाकडे एअर शोची तालीम चाललीय. दिवसभर डोक्यावरून लढाऊ विमानं. आई प्रत्येक आवाजाला हातातलं काम थांबवते, आवाज विरला की परत सुरू करते. हीच बाई पूर्वी गच्चीवर पळत जाऊन हात हलवायची. अण्णा चिडवायचा – "आई, ते सुपरसॉनिक आहे, त्याला तुझा हात दिसत नाही." तरी हलवायची.

रात्रीच्या जेवणाआधी बाबांनी विषय काढलाच. पीण्या भागातल्या कारखान्याच्या शेडवरून येतात, हात घासून घासून धुतात, तरी नखांत ऑइल राहतंच. "अक्का, मग काय ठरलं तुझं?"

घरात मला अहल्या कुणी म्हणत नाही. मी शेंडेफळ, पण लहानपणी सगळ्यांवर अशी हुकमत गाजवायचे की अण्णानेच 'अक्का' ठेवलं. मोठी बहीण म्हणे. गल्लीतल्या कन्नड बायका हसायच्या. नाव चिकटलं ते चिकटलंच.

काय ठरलं – हाच तर घोळ आहे. कमर्शियल लायसन्स आहे, मल्टी-इंजिन आहे, नोकरी नाही. पुढे दोन वाटा. एक एअरबसचं टाइप रेटिंग, म्हणजे त्या एका जातीचं मोठं विमान चालवायची परवानगी. त्यावर एअरलाइनमध्ये अर्ज करता येतो. दुसरी वाट इन्स्ट्रक्टर रेटिंग – नव्या पोरांना शिकवायचं. दुसरीचं नाव आमच्या घरात कुणी काढत नाही. अण्णा इन्स्ट्रक्टर होता.

बघते, म्हटलं. बाबा म्हणाले, "स्वल्प लौकर बघ. टाइप रेटिंगवाले महिनाअखेरपर्यंतच सीट ठेवतायत."

८ फेब्रुवारी, शनिवार

रक्षिता भेटली. आम्ही एकाच बॅचच्या. तिचं टाइप रेटिंग अर्ध्यावर आलंय, बोलताना मध्येमध्ये चेकलिस्ट म्हणते – तिला स्वतःला कळत नाही.

तिला म्हटलं, इन्स्ट्रक्टर रेटिंगचा विचार करतेय. कॉफीचा ग्लास खालीच ठेवला तिने. "तू? त्या फ्लाइंग क्लबात? इन्स्ट्रक्टरच्या उजव्या सीटवर?" मग सावरली, म्हणाली, "तसं नाही गं. पण का उगाच जखम खाजवतेस? एअरबसमध्ये बस. दोन पायलट, सगळं ठरलेलं, एक शब्द इकडचा तिकडे नाही. तिकडे तुला कुणी आठवणार नाही."

हे मात्र खरं. तिकडे मला कुणी आठवणार नाही. त्यासाठीच जावंसं वाटतं आणि त्याचीच शरमही वाटते.

९ फेब्रुवारी, रविवार

नरसिंगराव काकांकडे गेले. बाबांचे मित्र, आयुष्यभर एअरलाइनमध्ये कॅप्टन, आता निवृत्त. गुडघे गेलेत, जीभ शाबूत.

म्हणाले, "हे बघ, रेटिंग म्हणजे बायकांच्या बांगड्या नव्हेत, आहे म्हणून घालायच्या. टाइप रेटिंग घेतलंस आणि बोलावणं नाही आलं तर काय करशील? घरी बसून एअरबसची पुस्तकं वाचशील. हात विसरतात. इन्स्ट्रक्टर रोज उडतो. दुसऱ्याच्या चुका बघून जेवढं शिकतो ना, तेवढं कुठल्या सिम्युलेटरात मिळत नाही." मग म्हणाले, "पण तुझ्या घराला काय झेपेल ते मी कसं सांगू? आईला विचारलंस?"

नाही विचारलं.

निघताना दारात म्हणाले, "एक विचारू? तुझा अण्णा, आपला त्रिविक्रम, विमानात मराठी बोलायचा म्हणतात. खरं?"

"हो. मराठी विद्यार्थी असला तर."

"हं," एवढंच म्हणाले. त्या 'हं'चा मला रस्ताभर राग येत राहिला. गेलेल्या माणसाचे पेपर तपासतात!

१० फेब्रुवारी, सोमवार

नीट आठवून लिहून ठेवते, कारण ते बरोबर मलाच माहीत आहे.

विमानात दोघांपुढे एकेक कंट्रोल असतो. इन्स्ट्रक्टरला विमान आपल्याकडे घ्यायचं असलं की ठरलेले इंग्रजी शब्द आहेत. तो म्हणतो, माझ्याकडे. विद्यार्थी म्हणतो, तुमच्याकडे. तो परत म्हणतो, माझ्याकडे. तीनदा झाल्याशिवाय खरं नाही. नाहीतर दोघं धरतात, किंवा दोघंही सोडतात.

आमचे शब्द त्याच्याही आधीचे. अण्णाने मला राजाजीनगरच्या मैदानात स्कूटर शिकवली, मागे बसून. मी हँडल अशी आवळायचे की बोटं पांढरी. तेव्हा त्याने ठरवलं. तो म्हणणार – सोड. मी हात काढून म्हणायचं – सोडलं. मग तो म्हणणार – धरलं. माझं 'सोडलं' आल्याशिवाय तो धरायचा नाही, आणि त्याचं 'धरलं' आल्याशिवाय माझा जीव भांड्यात पडायचा नाही. पुढे घरातही तेच सुरू झालं. दुधाचं पातेलं असो, गॅस सिलिंडर असो. आई वैतागायची – "तुम्ही दोघं पातेलं उचलताय की रॉकेट?"

मग विमानातही तेच. फक्त माझ्याशी. मी तिथेही कंट्रोल आवळूनच धरायचे.

इतरांशी विमान घेताना ठरलेले इंग्रजी शब्दच, आणि एरवी मराठीत काही सांगायचं तर 'करा', 'सोडा'. शिकणाऱ्याला अरे-तुरे केलं की तो निम्मा तिथेच घाबरतो, म्हणायचा. वीस वर्षांच्या पोरालाही अहो-जाहो.

आवाज नुसता 'सोड' म्हणतो. तेव्हा तो मलाच म्हणतोय, यात शंकाच नाही. पण कंट्रोल सोड म्हणतोय, की उडणंच सोड?

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आईला विचारलं शेवटी. इन्स्ट्रक्टर हा शब्द निम्मा तोंडातच राहिला.

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. घालतच राहिली. मग म्हणाली, "मी आता कशालाच नको म्हणत नाही. त्याला म्हटलं असतं तर थांबला असता का?" आणि अण्णाचा जुना टीशर्ट, जो ती आता पुसायलाही घेत नाही आणि कुणाला देतही नाही, तो परत कपाटात ठेवला.

हे हो की नाही, देव जाणे.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज जे झालं ते कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून इथे.

टाइप रेटिंगवाल्यांनी चाचणीला बोलावलं होतं. सिम्युलेटर. हॉलमध्ये पायांवर उभा केलेला डबा, पण आत बसलं की एअरबस. मला बरंच वाटत होतं. म्हटलं, हे तर जमिनीला बांधलेलं आहे. इथे अण्णा कशाला येईल?

चांगलं चाललं होतं. शेजारी त्यांचे परीक्षक, शांत माणूस, मध्ये "गुड" म्हणाले. ढग विरले, धावपट्टीचे दिवे दिसले. आणि कानात ते तुटकं, घशातलं – मग सोड.

मी सोडलं.

हात मांडीवर. बघत राहिले मी हातांकडे. कुणी धरलं नाही. परीक्षकांना वाटलं मीच चालवतेय, ते खिडकीबाहेर बघत होते. नाक खाली गेलं, दिवे वर आले, मग पडदा लाल झाला आणि सगळं थांबलं.

ते म्हणाले, "काय झालं?" मी म्हटलं, घाम आला होता, हात निसटला. बिचाऱ्यांनी पाणी दिलं. दुसऱ्यांदा करायला लावलं, तेव्हा बरोबर उतरवलं. पास केलं मला.

लाल पडदा डोळ्यांपुढून जात नाही. खऱ्या विमानात मागे दीडशे माणसं असतात.

१६ फेब्रुवारी, रविवार

काही लिहावंसं वाटत नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

वार्षिक मेडिकल. रक्त, डोळे, ईसीजी. मग कान. काचेच्या छोट्या खोलीत बसवतात, कानावर हेडफोन, हातात बटण. बारीक शिट्टी ऐकू आली की दाबायचं. बाहेर टेक्निशियन बाई, विद्याश्री, दरवर्षी तीच असते. मला ओळखते.

बसले. शिट्टी, दाबलं. शिट्टी, दाबलं. मग बराच वेळ काही नाही. मला आपलं वाटायला लागलं, आता येणार. आणि आला. मी बटण दाबलं.

विद्याश्रीने काचेतून बघितलं. दार उघडून कन्नडमध्ये म्हणाली, "आत्ता मी काही वाजवलं नव्हतं हं. घाई करू नकोस." परत सुरुवातीपासून घेतलं. या वेळी शिट्ट्या सोडून काही नाही.

डॉक्टरांनी विचारलं, "झोप? चिंता? कसला भास वगैरे?" यादीतले प्रश्न, मान वर न करता. मी म्हटलं नाही. फिट लिहिलं त्यांनी.

फिट. बाहेर येऊन पायरीवर बसले. आता मला घाबरवतंय कोण – अण्णा की मी? हा आवाज काय म्हणतो ते कळल्याशिवाय मी कुठल्याच सीटवर बसता कामा नये. डावीही नाही, उजवीही नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

बाबांना विचारलं, अपघाताच्या चौकशीत नक्की काय लिहिलं होतं. दोन वर्षांत पहिल्यांदा.

त्यांना पाठ आहे. इंग्रजीत म्हणून दाखवलं. उतरताना, जमीन जवळ असताना, इन्स्ट्रक्टरने विद्यार्थ्याला पॉवर पूर्ण कमी करायला सांगितलं. विद्यार्थ्याने तसं केलं. वेग मेला, एका बाजूचा पंख खाली कलंडला. चूक – इन्स्ट्रक्टरची. एवढ्या छोट्या विमानात बोलणं रेकॉर्ड होत नाही, तेव्हा विद्यार्थी सांगेल तेच खरं.

"मी लेथवर काम केलेला माणूस," बाबा म्हणाले. "मला विमानातलं कळत नाही. पण माझा मुलगा एवढ्या खाली, एवढ्या कमी वेगात पॉवर काढायला सांगेल? अक्का, तूच सांग. नवशिका तरी सांगेल का?"

नाही सांगणार. पण सांगितल्याचं लिहिलंय. बाबा तेव्हापासून क्लबकडे फिरकले नाहीत. मुलगा गेला ते एक, आणि मुलाच्या नावापुढे 'चूक' लागलं ते दुसरं. दुसरं त्यांना जास्त खातं असं मला कधीकधी वाटतं.

एक गोष्ट मात्र आज डोक्यात आली. हे सगळं इंग्रजीत आहे. अण्णा तर मराठीत बोलला असणार. विद्यार्थी पुण्याचा होता.

२२ फेब्रुवारी, शनिवार

मल्हारला भेटले, अण्णाशेजारी होता त्या विद्यार्थ्याला.

त्याचा नंबर माझ्याकडे होताच. पहिल्या वर्षश्राद्धाला त्याचा मेसेज आला होता, मी उत्तर दिलं नव्हतं. परवा केला, तर त्याने लगेच फोन केला. शनिवारी पण ऑफिसात असतो. बेळ्ळंदूरला या म्हणाला. अर्धा दिवस ट्रॅफिकमध्ये गेला, चीड चीड झाली. मग लक्षात आलं, बरंच आहे, पोचायचंच नव्हतं मला.

चाळिशीचा माणूस. डावा पाय ओढतो. मी त्याला कधी जवळून बघितलंच नव्हतं. त्या दिवशी सकाळी पहिली फेरी माझी होती, अण्णाबरोबर. उतरले आणि नाश्त्याला गेले. मग याची फेरी. मी कॅन्टीनमध्ये असताना आवाज आला.

कॅफेटेरियात बसलो. तो म्हणाला, "अहल्या मॅडम, मी सरांकडे का आलो माहितीये? ॲक्च्युअली इथे दिवसभर इंग्लिश आणि हिंदी. मराठी बोलणारा इन्स्ट्रक्टर मिळाला, मला पुण्यात असल्यासारखं वाटायचं. सरांची मराठी थोडी वेगळी होती. मध्येच ठीक आहेला सरी म्हणायचे, थोडंला स्वल्प म्हणायचे. मजा यायची."

मी म्हटलं, "शेवटी काय म्हणाले ते? मराठीत. जसंच्या तसं."

बराच वेळ त्याने कप फिरवला. "मी नाक जास्त वर घेतलं होतं. वेग कमी होत होता, मला कळत होतं, पण हात आखडले. सर म्हणाले – अख्खा सोड. म्हणून मी थ्रॉटल अख्खा ओढला. गाडीचा ॲक्सिलरेटर सोडतो तसा. चौकशीत त्यांनी विचारलं, मी तेच सांगितलं. मॅडम, मी खोटं नाही बोललो. मला कित्येकदा वाटलं, बोललो असतो तर बरं झालं असतं."

तो रडायला लागला. आजूबाजूला त्याचे ऑफिसातले लोक. मी काय करणार? त्याच्या मनगटावर हात ठेवला. राग करायला आले होते मी. राग नीट आलाच नाही.

उठताना म्हणाला, "सर नेहमी मला अहो-जाहो करायचे. फक्त त्या वेळी अरे-तुरे. तेव्हाच मला कळलं, काहीतरी फार बिघडलंय."

म्हणजे शेवटचा शब्द खरंच 'सोड' होता. मला जे ऐकू येतं तेच.

२३ फेब्रुवारी, रविवार

अख्खा.

सकाळपासून हाच शब्द. आमच्या घरात अख्खा कुणी म्हणत नाही. आम्ही पुरा म्हणतो. पुरा डोसा, पुरा दिवस, पुरा मूर्ख. अण्णाच्या तोंडून अख्खा हा शब्द मी एकदाही ऐकलेला नाही.

मल्हार खोटं बोलत नाही, त्याचे डोळे बघितलेत मी. मग अण्णाने दुसऱ्याच कुणाचा शब्द का वापरला? पुण्याच्या माणसाला कळावं म्हणून? तेवढा विचार करायला वेळ असतो का अशा वेळी?

बाबांना सांगितलं नाही अजून. काय सांगू? म्हणालाच होता तो, बाबा. पॉवर सोड, असंच म्हणाला होता.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

टाइप रेटिंगला हो कळवलं. शुक्रवारी कागदांवर सही करायची.

ठरवलंय – कुणाला शिकवायचं नाही. अण्णासारखा अण्णा चुकला, मी कोण? आणि मोठ्या विमानात आवाज आलाच तर शेजारी दुसरा पायलट असेल, तो धरेल. स्वतःला हे सांगताना लाल पडदा समोर होता. तरी सांगितलं.

बाबा "सरी" म्हणाले. खूश झाले असं नाही. आईने फक्त विचारलं, उद्या शिवरात्र, तुला उपासाला काय करू?

२६ फेब्रुवारी, बुधवार

उपास. देवळात रांग. हात जोडले आणि देवाला सोडून अण्णाशीच बोलले. म्हटलं, काय ते पुरं सांग बाबा. अर्धवट बोलू नकोस.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

टाइप रेटिंगवाल्यांना नाही म्हणून कळवलं. इन्स्ट्रक्टर रेटिंग करणार. पहिल्या दिवशी पहिलं हेच शिकवणार – विमानात ठरलेले शब्दच बोलायचे, घरचा एकही नाही. का, ते लिहिते.

उपासाचं पारणं म्हणून आई सकाळपासून स्वयंपाकात. मी नारळ खवायला बसले. डोकं दुसरीकडे, वाटी नेहमीसारखी आवळून धरलेली. बोटं पात्याला लागणार एवढ्यात आई मागून म्हणाली, "अक्का, सोड."

अक्का, सोड.

ते घशातलं तुटकं मी होते. अख्खा नव्हतं ते. मल्हारला कसं कळणार अक्का कोण? पुण्याचा पुरुष माणूस, त्याला अक्का म्हणून कुणी हाक मारेल असं त्याच्या स्वप्नात तरी येईल का? आखडलेले हात बघितले आणि अण्णाला वाटलं, डाव्या सीटवर मी आहे. पॉवर काढ म्हणालाच नाही तो. कंट्रोल सोड म्हणाला. मला.

बाबांना सांगायचंय. मग मल्हारलाही. पण तेव्हा मला काहीच सुचत नव्हतं. वाटी हातात तशीच, आई वाकून वाट बघत उभी. दोन वर्षं त्याला उत्तर दिलं नव्हतं मी.

हात काढले. मोठ्याने म्हटलं, "सोडलं, अण्णा."

आईने माझ्याकडे बघितलं. मग वाटी हातात घेतली.

"धरलं," आई म्हणाली.